राजकुमारीच्या हाडातले बिसेन

नागपूर, ६ जानेवारी २०२४

मुन्नालाल मामाजींना नमस्कार.

मी नीतू, राजकुमारीची मुलगी. नऊ वर्षांत आपलं बोलणं नाही, म्हणून आधी नाव सांगितलं. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी बारावीत होते. आता इथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली लोकांचं रक्त बघते.

फोन न करता पत्र का, ते सांगून टाकते. कोहमाऱ्याच्या चौकात मुन्नालाल मिस्त्री इंजिनाला पेचकस टेकवून कानानेच बिघाड सांगतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माणसाच्या आवाजातलंही तुम्ही ओळखता, असं आई पूर्वी सांगायची. फोनवर मला रडू येईल आणि ते तुम्हाला ऐकू येईल, एवढंच टाळायचं होतं.

आईला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. जुलैत ताप आला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा कळलं. औषधांनी तो सध्या दबला आहे, पण डॉक्टर म्हणतात की तो परत येईल. रक्त जिथे तयार होतं तो हाडांतला मगजच बदलावा लागेल. नवा मगज अशा माणसाचा हवा ज्याच्या पेशींच्या खुणा आईच्या पेशींशी जुळतात. प्रत्येक पेशी आपल्या अंगावर आधार कार्डासारख्या खुणा घेऊन फिरते. सख्ख्या भावंडांत चारातल्या एकाचं जुळायची शक्यता असते. लीलाधर मामांचं जुळलं नाही. माझं अर्धंच जुळतं. आता तुम्ही उरलात. तपासणीचं रक्त कुठे पाठवायचं तो पत्ता कागदाच्या मागे लिहिला आहे.

आईने मला तुम्हाला काही सांगायला मनाई केली आहे. म्हणून हे पत्र पारडी नाक्यावर तुमच्या ओळखीच्या ट्रकवाल्याच्या हाती देते. उत्तर द्यायचं असेल तर त्याच वाटेने द्या. नाही दिलं तरी मी समजेन.

तुमची भाची
नीतू


कोहमारा, ९ जानेवारी २०२४

नीतू भाची, पाया पडतो.

मामाने भाचीच्या पाया पडायचं हा आपल्या पोवारांचा कायदा. नऊ वर्षं मी तो मोडला, तेव्हा आधी ती थकबाकी.

तुझं पत्र मी डिझेल पंप उघडून बसलो होतो तेव्हा आलं. हात काळे, म्हणून ड्रायव्हरलाच वाचायला लावलं. अर्धं वाचून तो थांबला. म्हणाला, "मिस्त्री, हे तुम्हीच वाचा गा. घरचं आहे." हात पुसून वाचलं. काल गोंदियाला जाऊन रक्त देऊन आलो. तू लिहिलेला पत्ता नळीवर चिकटवला आहे.

आता माझं एक विचारणं. माझं वय सत्तावन्न. तंबाखू सोडून आठ वर्षं झाली. रक्तात थोडी साखर आहे म्हणतात, गोळी नाही. असला जुना माल चालतो का? आणि मगज काढायला हाड फोडतात का? फोडत असतील तरी सांग, मी पळणार नाही. फक्त कोणतं हाड ते आधी कळू दे, म्हणजे काम त्या हिशेबाने हातात घेईन.

तुझ्या आईने मला सांगू नको म्हटलं, ते बरोबरच आहे तिचं. मीही तिला काही सांगितलं नसतं. आम्ही एकाच घरचे.

मामा


नागपूर, २५ जानेवारी २०२४

मामाजी,

जुळलं. दहापैकी दहा खुणा जुळल्या.

रिपोर्ट घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसले आणि चार वेळा वाचला. एका आईच्या पोटातले तुम्ही तिघं. लीलाधर मामांशी आईचं रोज फोनवर बोलणं, एकमेकांच्या घरी जाणं-येणं. त्यांच्या पेशी तिला ओळखत नाहीत. ज्या भावाचं नाव घरात निघत नाही, त्याच्या पेशींवर मात्र तिच्याच खुणा, जशाच्या तशा.

आईला सांगावंच लागलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "तो देते म्हणते तर घेते मी. पण बोलणार नाही."

बाबा म्हणजे इंद्रकुमारजी बाहेर येऊन हसले. लग्नाला तीस वर्षं झाली तरी त्यांना या घरचा स्वभाव कळला नाही म्हणतात.

हाड फोडणार नाहीत. पाच दिवस इंजेक्शनं देतील, त्याने मगजातल्या मूळपेशी रक्तात उतरतील. मग एका हातातून रक्त काढून यंत्रातून फिरवायचं, मूळपेशी वेगळ्या करायच्या आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातात परत. अंग खूप दुखेल. त्याआधी आईला जालीम औषध देऊन तिचा स्वतःचा मगज पूर्ण पुसतील. त्या दिवसांत तिच्याकडे पहारा असा उरणारच नाही. घरात कुणी शिंकलं तरी तिच्या जिवाला धोका. म्हणून काचेच्या खोलीत ठेवतील.

मामाजी, एकदा तिचा मगज पुसला की मागे फिरता येत नाही. तुमच्याकडून मूळपेशींची पिशवी आलीच पाहिजे. मला हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

नीतू


कोहमारा, २२ फेब्रुवारी २०२४

नीतू, पाया पडतो.

काल परत आलो. अंग अजून ठणकतं. पाच दिवस कंबरेच्या हाडात कुणीतरी आतून पाना फिरवत होतं. मी त्याला म्हटलं, फिरव बाप्पा, काम चालू आहे म्हणायचं.

चार तास दोन्ही हात सरळ ठेवून पडलो होतो. यंत्र ऐकत होतो. काय यंत्र बनवलं आहे! आतली थाळी इतकी फिरते आणि एक बेअरिंग बोलत नाही. त्या सिस्टरला म्हटलं, "बाई, याचा मिस्त्री कोण, त्याले माझा नमस्कार सांगजो." ती म्हणाली, "काका, हात हलवू नका."

पिशवी पाहिली. मला वाटलं होतं काही चमकदार निघेल. पातळ टमाट्याच्या चटणीसारखं, दोन कप असेल. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, एवढ्यात पूर्ण माणूस उभा राहतो.

मग ते तुझ्या आईच्या गळ्याजवळच्या नळीतून सोडलं. तू काचेपाशी होतीस. मी तुझ्या मागे होतो, तुझ्या आईला दिसू नये एवढ्या मागे. डॉक्टरांना विचारलं, आता हे हाडात कसं भरणार? म्हणाले, भरायचं नाही, रक्तात सोडलं की ते आपणच जातात. मला पटलं नाही. अगं, मी गाडीत ऑइल टाकतो तर नाळक्याने, म्हणजे नरसाळ्याने, बरोबर भोकात टाकावं लागतं. हे हातातून काढलं, गळ्यातून घातलं, आणि लाखोंच्या लाखो पेशी अंधारात फुप्फुस ओलांडून, काळीज ओलांडून, हाडाच्या भिंतीतून आत शिरून आपली जागा धरणार? त्यांना पत्ता कुणी सांगितला? ते म्हणाले, हाडच बोलावतं. हाडातून एक वास सुटतो म्हणा, त्याच्या मागे त्या जातात.

बसने येताना साकोलीपर्यंत मी तेवढाच विचार करत होतो. मी पंधराव्या वर्षी घरून निघालो तेव्हा टायरमध्ये हवा भरायचं काम मिळेपर्यंत आठ गावं फिरलो. यांना पहिल्याच दिवशी घर सापडतं.

त्या पोहोचल्या का, ते कधी कळेल?

मामा


नागपूर, ७ मार्च २०२४

मामाजी,

पोहोचल्या!

सोळा दिवस आईच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्या रकान्यात रोज शून्य येत होतं. तोंडात फोड, पाणी गिळवत नाही, दोनदा ताप चढला. काल सकाळी तिथल्या लॅबमधली माझी मैत्रीण म्हणाली, ये, स्लाइड बघ. मी डोळा लावला. सगळीकडे रिकामं. हळूहळू स्लाइड सरकवत गेले आणि एका कोपऱ्यात तो दिसला. गुलाबी अंग, आत जांभळ्या तीन पाकळ्या एकमेकींना दोऱ्याने बांधलेल्या. न्यूट्रोफिल. रोज असे हजारो मोजते मी. हा एकटा पाहून मी स्लाइड तिथेच धरून ठेवली.

तो तुमचा होता, मामाजी. आईच्या हाडात जन्मलेला.

हे न्यूट्रोफिल पहिल्या फळीचे. जखम झाली, जंतू शिरला की सर्वांत आधी हे धावतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. आयुष्य एखाद्या दिवसाचं. फोडातला पू म्हणजे बहुतेक तेच असतात. म्हणून हाड रोज अब्जावधी नवे पाठवतं, तुमच्या-माझ्याही. आपल्याला पत्ता नसतो.

आज रकान्यात तीनशे आलं. आईला सांगितलं तेव्हा तिने बोटांनी खूण करून विचारलं, किती? मग डोळे मिटले. तोंडातल्या फोडांमुळे ती बोलत नाही. माझ्याशीही.

नीतू


कोहमारा, १२ मार्च २०२४

नीतू, पाया पडतो.

पत्र वाचलं आणि मी ढाब्यावर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना चहा पाजला. एका सरदारजीने विचारलं, "लड़का हुआ क्या?" मी म्हटलं, "तीन सौ हुए हैं."

पण भाची, माझं डोकं आता गप बसत नाही. ते एक दिवस जगणारे शिपाई समजले. पण नवीन जंतू आला तर त्याला ओळखतं कोण? कैलाश आला होता, तो नागझिऱ्यात गाइड आहे, त्याची जिप्सी माझ्याकडेच येते. त्याला सांगितलं सगळं. तो म्हणाला, "मामा, जंगलात वाघ पाहणारा एकच असते. झाडावरचा माकड. तो खाकरला का चितळ ओरडते, चितळ ओरडला का सांबर. वाघ ज्याने पाहिला नाही त्यालेही समजते का वाघ कोणीकडे हाय." तसं काही शरीरात आहे का? नसेल तर कैलाशला वाईट वाटेल.

मामा


नागपूर, १५ मार्च २०२४

मामाजी,

कैलाशभाऊंना सांगा, आहे. कातडीखाली, नाकात, आतड्यात फांद्याफांद्यांच्या पेशी पहाऱ्यावर असतात. त्या ओरडून थांबत नाहीत. जंतू पकडून त्याचा तुकडा तोडतात, आपल्या अंगावर लावून घेतात आणि गळ्यातल्या, काखेतल्या गाठीपर्यंत चालत जातात. तिथे टी-पेशी असतात, लाखो, प्रत्येकीला एकच चेहरा ओळखता येतो. ही पेशी तो तुकडा एकेकीला दाखवत फिरते. ज्या एकीला ओळख पटते ती तिथेच वाढायला लागते, एकीच्या हजारो होतात. घसा दुखताना गळ्यात गाठ लागते ना, ती हीच गर्दी. काही थेट मारायला जातात. काही बी-पेशींना उठवतात, त्या प्रतिपिंडं सोडतात. लढाई संपली की बहुतेक मरतात आणि थोड्या आठवण ठेवून वर्षानुवर्षं राहतात.

सगळ्यांत कठीण त्यांची शाळा. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, टी-पेशी तिथे शिकतात. घरच्या खुणा ओळखता आल्याच पाहिजेत, आणि घरच्यावर हात उगारता कामा नये. जी चुकते तिला तिथेच संपवतात. शंभरातल्या दोन-चार बाहेर पडतात.

हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता रोज काचेतून आईकडे बघते आणि वाटतं, मी काहीच शिकले नव्हते.

नीतू


नागपूर, २ एप्रिल २०२४

मामाजी,

उशीर झाला, कामात होते. आई बरी आहे. तळहातावर थोडं पुरळ आलं आहे, औषध चालू आहे. काळजी करू नका. इकडे उन्हाळा वाढला. कैलाशभाऊंना नमस्कार.

नीतू


कोहमारा, ४ एप्रिल २०२४

नीतू, पाया पडतो.

फोनवर आवाज ऐकू येतो म्हणून तू पत्र लिहितेस. पण पत्रालाही आवाज असतो. तू उन्हाळ्यावर एक ओळ लिहिलीस. अठरा दिवसांनी. आईच्या रक्ताचा आकडा, तिच्या तोंडाचे फोड आधी लिहिले होतेस, यात तसं काही नाही. काल मी तिथे येऊन गेलो. तू दिसली नाहीस. बाहेर इंद्रकुमारजी भेटले. त्यांनी सांगितलं की पुरळ अंगभर आहे, जुलाब थांबत नाहीत, आणि मुन्नालालच्या पेशी राजकुमारीच्या अंगावर उठल्या आहेत असं डॉक्टर म्हणतात.

सोबत डबा होता. आपल्या घरात अबोला मोडायचा तर एका ताटात जेवायचं, ही मायची रीत. मी घरून डाळ-भात, अंबाडीची भाजी आणि एकच ताट घेऊन आलो होतो. सिस्टरने दारातच थांबवलं. बाहेरचं अन्न म्हणजे तिला विष, म्हणाली. तो डबा मी पायऱ्यांवर बसून एकट्याने खाल्ला.

आता तुला जे सांगतो ते कुणाला सांगितलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी माय गेली तेव्हा तुझी आई तिसऱ्या दिवशी साऱ्या बिरादरीपुढे मला म्हणाली, "साऱ्या दुनियेच्या गाड्यांचा खोकला आयकते, मायचा नाही आयकला." माझ्याकडे शिक्षण नाही, बापाचं मोठं नाव नाही. जे काही उभं केलं ते या दोन कानांवर. तिने तिथेच मारलं. त्या दिवसापासून मी तिच्या दारी गेलो नाही.

आणि तिचं खरं होतं. मी ऐकला होता खोकला. महिनाभर ऐकला. गॅरेजची धूळ आहे, रोजचाच आवाज आहे, असं म्हणून सोडून दिला. माझी माय निर्मलाबाई माझ्या घराच्या मागच्या खोलीत तापाने गेली आणि मी पुढे इंजिनं ऐकत होतो. माणूस ज्याच्यावर रागावतो त्याचं खरं असलं की राग जास्त टिकतो.

तो नऊ वर्षांचा राग माझ्या रक्तात होता, भाची. मी तोच पिशवीत भरून दिला. आता तो तिच्या अंगावर उठला. दुसरा कोणता अर्थ मला लागत नाही. त्या पेशी परत काढून घेता येत असतील तर घ्या. लीलाधरच्या अर्ध्या जुळत असतील तर त्या टाका. त्याच्या मनात तिच्याविषयी काही नाही.

मामा


नागपूर, ८ एप्रिल २०२४

मामाजी,

मी लपवलं. चुकलं. आई मागच्या आठवड्यात जायला टेकली होती, आणि ते शब्दांत लिहिलं तर खरं होईल असं वाटत होतं. आता सगळं सांगते.

पिशवीत मूळपेशींबरोबर तुमच्या तयार झालेल्या टी-पेशीही होत्या. त्या तुमच्या छातीतल्या शाळेत शिकलेल्या. त्यांना तुमच्या घरातलं सगळं ओळखीचं. आईच्या मोठ्या खुणा तुमच्याशी जुळतात, पण बारीकसारीक हजार गोष्टी वेगळ्या आहेत. तिची कातडी, तिचं आतडं पाहून त्यांना वाटलं, हे कोण परकं? आणि त्या शिकवल्याप्रमाणे लढल्या. त्यांना राग माहीत नाही, मामाजी. माया पण माहीत नाही. लीलाधर मामांच्या पेशी तर याहून वाईट उठल्या असत्या, कारण त्यांना तिच्या मोठ्या खुणाही परक्या.

आता पुढचं नीट वाचा. मी डॉक्टरांना विचारलं, त्या टी-पेशी आधीच गाळून का नाही टाकल्या? ते म्हणाले, गाळल्या तर कॅन्सर परत येण्याची भीती वाढते. आईच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांना कॅन्सरच्या पेशी घरच्या वाटायच्या, म्हणून त्यांनी कधी हात लावला नाही. औषधातून वाचलेल्या चार-दोन पेशी कुठेतरी दडून असतील. त्यांना हुडकून मारू शकतील त्या तुमच्याच. ज्या परकेपणामुळे त्या तिच्या कातडीवर उठल्या, त्याच परकेपणामुळे त्या कॅन्सरवर उठतात. अगदी शांत केल्या तर कॅन्सर येईल, मोकळ्या सोडल्या तर आई जाईल. म्हणून रोज औषध तोलून देतात. शरीरातही अशा टी-पेशी असतात ज्यांचं कामच बाकीच्यांना आवरायचं. त्या तुमच्यातूनच गेलेल्या आहेत आणि वाढत आहेत. डॉक्टर म्हणाले, थोडं पुरळ राहिलं तर मला आवडेल.

तीन दिवस झाले, जुलाब थांबले. काल तिने दोन चमचे पेज घेतली.

आणि एक गुन्हा कबूल करते. तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. खोकल्याचं वाचायला लागले, तेव्हा तिने हात पुढे केला आणि कागद स्वतः घेतला. फोड आता भरलेत, बोलता येतं. संध्याकाळी आपणच म्हणाली,

"सांग त्याले, थोडासा लढत राय म्हणा. साराच गप नको बसू."

नीतू


कोहमारा, १२ एप्रिल २०२४

नीतू, पाया पडतो.

पत्र आलं तेव्हा तीन गाड्या चालू होत्या. तिन्ही बंद करायला लावल्या. ड्रायव्हर म्हणाले, काय झालं मिस्त्री? म्हटलं, काही नाही, पाच मिनिटं गप बसा.

मी पेचकस घेतला, दांडा कानाला लावला आणि टोक कापडात गुंडाळून आपल्याच छातीच्या हाडावर टेकवलं. लोक हसले असतील. काळीज ऐकू आलं, श्वास ऐकू आला. बाकी काही नाही. तिथेच मागे ती शाळा, तिथे माझ्या लहानपणी शंभरातल्या दोन-चार पास होत होत्या, आणि मला हवा भरायचा पंप पाहून वाटायचं की दुनियेतलं मोठं यंत्र हेच. एवढा कारखाना, साठ वर्षं होत आली, एकदा आवाज नाही. कानाचा मला फार गर्व होता.

तिला सांग, लढून राहिलो म्हणावं.

मामा


नागपूर, ५ जून २०२४

मामाजी,

शंभर दिवस झाले. आईच्या रक्तातल्या पेशी कुणाच्या, त्याची तपासणी केली. शंभर टक्के तुमच्या. कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं लक्ष ठेवायचं, पण सुरुवात याहून चांगली होत नाही. उद्या तिला घरी आमगावला नेतो. गर्दी नाही, मास्क, उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न. माणसांना अजून बंदी.

तिच्या पेशींत आता पुरुषाची गुणसूत्रं दिसतात आणि रक्तगट बदलून तुमचा होतो आहे. आजीने, म्हणजे सुशिलाबाईंनी, हे ऐकलं आणि घरात नवाच प्रश्न उभा राहिला. आमच्या देवघरात कुळाची चौरी, म्हणजे कुळदेवांचा ओटा आहे. त्या ओट्याला आमच्या पटल्यांच्या घरच्यांनीच हात लावायचा, आईच्या माहेरच्या बिसेनांनी नाही. आजी बाबांना विचारते, "रगत बिसेनाचं झालं ना? मंग पटलेच्या चौरीले इचा हात लागते का? का आता माहेरी पाठवाव लागते पूजेले?"

बाबांनी ते माझ्यावर ढकललं. मी तर टेक्निशियन, मला यातलं काय कळतं. तुम्ही सांगा.

नीतू


कोहमारा, ९ जून २०२४

नीतू, पाया पडतो.

सुशिलाबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमची सून तीस वर्षांपूर्वी बिसेनांच्या घरून आली तेव्हा सगळं रक्त बिसेनाचंच होतं. तेव्हा चौरीला हात लावून घेतलाच ना? आता तर तिचं निम्म्याहून जास्त आयुष्य तुमच्याच घरात गेलं. आणि आम्ही बिसेन तिच्या हाडात राहायला आलो आहोत, पण हाड पटल्यांचं. भाडेकरूने घरमालकाचा देव बदलायचा नसतो.

एवढ्यावर नाही मानल्या तर मी स्वतः येतो. चांगली बाई आहे, पण तिला हरवायला समोर बसावं लागतं.

मामा


आमगाव, ८ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

हे मी माझ्या हाताने लिहून राहिली. नीतू म्हणाली मी लिहिते, तू सांग. मी म्हटलं, नको. अक्षर वाकडं येईल, समजून वाच.

तू भाऊबीजेला येणार होता आणि मीच निरोप पाठवला की येऊ नको. तुला वाईट वाटलं असेल. लीलाधर फोनवर म्हणाला की तू गाडी काढून उभा होता. येऊ नको का, ते कुणी तुला धड सांगितलं नाही, कारण मीच सांगू नका म्हटलं होतं. आता सांगते.

सप्टेंबरात मला लसी सुरू झाल्या. लहानपणी घेतलेल्या सगळ्या पुसल्या गेल्या म्हणे. तुझ्या पेशींना या घरात नव्याने शिकवायचं. दवाखान्यात त्या खोलीबाहेर सगळ्या बाया कडेवर लेकरं घेऊन बसल्या होत्या. एकीने विचारलं, तुमचं बाळ कुठे? मी म्हटलं, मीच होय. ती सरकून बसली.

मग तुझ्या पेशींना आवरायचं औषध हळूहळू कमी केलं. दिवाळीच्या दोन दिवस आधी मला शिंक आली. एकच. घरात सगळे जागच्या जागी थांबले. सासूबाईंच्या हातातली पणती खाली पडली. दुसरी शिंक आली, नाक गळायला लागलं, घसा धरला. नीतू नागपूरहून धावत आली. मला तिकडे नेलं, पुन्हा त्याच मजल्यावर. मी मनात म्हटलं, संपलं. मार्चमध्ये असल्याच एका शिंकेने मी गेली असती.

डॉक्टरांनी तपासलं. साधं पडसं आहे म्हणाले, आणि आता काही देत नाही, दोन दिवस बघू. मी म्हटलं, काहीच नाही? ते म्हणाले, बाई, नवे पहारेकरी कामाचे आहेत का ते आपल्याला आजच कळणार आहे.

मी खाटेवर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी गळ्याला हात लावला तर दोन्ही बाजूंना गाठी. मी घाबरली. नीतूने हात लावला आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, "आई, भरती चालू आहे तिथे. मामाजींची माणसं जमा झाली." मी तिथे बोट ठेवून पडली. दुखत होतं. भाऊ, मला ते दुखणं सोडवेना. कुणीतरी नाकातून तुकडा तोडून गळ्यापर्यंत चालत आला असेल, त्याने लाखातल्या एकीला शोधून दाखवला असेल. मी तेव्हा काय करत होती? वरण-भात खात होती आणि सिस्टरशी भांडत होती की मीठ कमी आहे.

पाचव्या दिवशी ताप नाही. सहाव्या दिवशी घरी सोडलं. गोळी नाही, सुई नाही. आज सकाळी उठली तर गाठी बसलेल्या. डॉक्टर म्हणाले, या पडशाला आता तुम्ही आयुष्यभर ओळखाल.

मी तुला बिरादरीपुढे बोलली ते बोलायला नको होतं. घरात बोलायला पाहिजे होतं. खोकला मीही फोनवर ऐकला होता, दोनदा. मी पण काही केलं नाही. एवढंच लिहायला मला नऊ वर्षं आणि हे सगळं लागलं.

तू ये. मास्क लावून ये, हात धुऊन ये, पण ताट एकच घेऊन ये. डॉक्टरांना विचारलं आहे. ते म्हणाले, ताजं शिजवलेलं असेल आणि भाऊ धडधाकट असेल तर चालेल. त्यांना काय ठाऊक भाऊ कुठे कुठे बसला आहे.

नऊ वाजता नाक मोकळं झालं. मी मास्क काढून अंगणात उभी राहिली. पलीकडच्या बांधीत धान कापून पसरलं होतं, दवाने ओलं. सोळा महिन्यांनी मला त्याचा वास आला.

राजकुमारी